गुरांच्या शेतावरचे घर मागच्या दारापासून आखा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वास्तू पुरवण्यांमध्ये शेतावरच्या घरांची चित्रे छापून येतात. पुढे हिरवळ, दोन मजले उंच काच, आत पांढरा सोफा. शनिवार-रविवारच्या मुक्कामाला ते शोभते. पण जिथे पन्नास-साठ गुरे आहेत, पहाटे चाऱ्याची ट्रॉली निघते आणि रात्री-अपरात्री गाय विते, तिथेही हेच नकाशे उचलले जातात. मग वर्षभरात दिवाणखान्यात चिखल, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये वासराची दुधाची बाटली आणि फ्रिजच्या दारात लशीच्या कुप्या अशी अवस्था होते. हौसेने केलेला दर्शनी दरवाजा मात्र बंदच राहतो. त्या दाराने पाहुणे येतात, तेही कधीमधी. घरची माणसे दिवसातून वीस वेळा ये-जा करतात ती मागच्या दाराने. म्हणून अशा घराचा आराखडा मागच्या दारापासून सुरू करावा, एवढे सांगायला हे पत्र लिहीत आहोत.

अर्थात मागचे दार कुठे उघडणार हे जमीन ठरवते. शक्य असेल तर तो तुकडा सगळ्या ऋतूंत एकदा पाहावा. ते जमणार नसेल तर निदान जोराच्या पावसानंतर तासाभरात तो पायाखाली घालावा आणि पाणी धावते त्या रेषेवर खुंट्या ठोकाव्यात. खोलगट जागा सोडायची हे सगळ्यांना कळते. टेकाडाचा माथाही सोडायचा, हे मात्र पटवावे लागते. तिथे देखावा सुरेख असतो, पण वारा चारी बाजूंनी झोडपतो, पाणी वर चढवावे लागते आणि वीज पडण्याची भीती जास्त. माथ्यापासून थोडे खाली घर बसवावे. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा दीड ते दोन फूट उंच घ्यावे आणि भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमिनीला बाहेरच्या बाजूला किमान ६ इंच उतार द्यावा.

वारा घराकडून गोठ्याकडे वाहावा, उलटा नको, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. त्यातली एक खोच मात्र नजरेतून सुटते. दिवसाचा वारा रात्री पडतो, जमीन गार होते आणि तिच्यावरची गार, जड हवा पाण्यासारखी उताराने खाली सरकते. गोठा वर आणि घर खाली असेल तर दिवसा वासाचा मागमूस नसतो, आणि रात्री खिडकी उघडली की अख्खा गोठा उशाशी येतो. म्हणून वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा उतार दोन्ही बघावेत. घर वर, गोठा खाली आणि उकिरडा त्याच्याही खाली. विहीर किंवा बोअर शक्यतो या सगळ्यांच्या वरच्या अंगाला असावी. शोषखड्ड्यापासून किमान १०० फूट, सेप्टिक टँकपासून ५० फूट आणि उकिरड्यापासून १०० फुटांहून बरीच लांब.

घर आणि गोठा यांत २०० ते ३०० फूट अंतर बरे पडते. त्याहून कमी ठेवले तर माश्या आणि आगीचा धोका, जास्त ठेवले तर रात्री दोनला तिसऱ्यांदा फेरी मारायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यात वासरे दगावतात. माश्यांचे म्हणाल तर उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. तेव्हा अंतर कितीही ठेवले तरी शेण आठवड्यातून दोनदा उचलले गेलेच पाहिजे.

वाळलेल्या चाऱ्याची गंजी घरापासून आणि गोठ्यापासूनही १०० फूट दूर हवी. २० टक्क्यांहून जास्त ओलावा असलेले गठ्ठे रचले तर ते आतल्या आत तापतात. आतले तापमान ६५ अंश सेल्सिअसला गेले की पहारा ठेवावा. ८० च्या पुढे ते कधीही पेट घेतील. अशी गंजी घाईने उपसायला गेले की आत हवा शिरते आणि भडका उडतो, म्हणून पाण्याचा टँकर हाताशी असल्याशिवाय तिला हात लावू नये. घराभोवती ३० फुटांत वाळके गवत उभे ठेवू नये आणि छपराच्या झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी बसवावी, म्हणजे उडत्या ठिणग्या आत जात नाहीत.

रस्त्याचा विचार लोक मोटारीच्या हिशोबाने करतात. शेतावर येतो तो पशुखाद्याचा ट्रक, दुधाचा टँकर, गुरे नेणारी गाडी आणि प्रसंगी अग्निशमनाचा बंब. फाटक मुख्य रस्त्यापासून ६० फूट आत घ्यावे, म्हणजे ते उघडेपर्यंत मागची ट्रॉली रस्त्यावर आडवी उभी राहत नाही. रुंदी १४ ते १६ फूट, डोक्यावरची तार किंवा कमान १५ फुटांच्या वर. मोठी गाडी मागे न घेता वळायची तर सुमारे १०० फूट व्यासाचा फेरा लागतो. तेवढी जागा आत्ता सोडली नाही तर पुढे ट्रकच्या मागच्या बाजूने पडवीचा खांब जातो. पाहुण्यांची वाट आणि मालाची वाट घराच्या अलीकडेच वेगळी करावी. मालाची वाट वाऱ्याच्या खालच्या अंगाने न्यावी, नाहीतर तिची धूळ रोज गाद्यांवर बसते.

आता मागचे दार. तिथे एक बंदिस्त पडवी काढावी. कोपऱ्यातली अडगळ म्हणून नव्हे, घरातली पहिली खोली म्हणून. ८ बाय १२ फूट हे कमीत कमी माप आहे. माणसे चारपेक्षा जास्त असतील तर १० बाय १४. बाहेरचे दार साडेतीन फूट रुंद आणि त्याची मूठ कोपराने दाबता येईल अशी. हात बरबटलेले असतात तेव्हा गोल मुठीचा काही उपयोग होत नाही. फरशी घरातल्या फरशीपेक्षा पाऊण ते एक इंच खाली आणि न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतले पाणी वाहून जाण्याच्या जाळीच्या तोंडाकडे, ६० ला १ उतार, म्हणजे १० फुटांत दोन इंच. ट्रॅप ४ इंची घ्यावा आणि त्याच्या जाळीखाली हाताने उचलून रिकामी करता येईल अशी बादली असावी. शेण, पेंढा आणि वाळू थेट पाइपात गेली की महिनाभरात तुंबारा ठरलेला.

पडवीचे दोन भाग पडतात आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळी योजना फसते. बाहेरच्या भागात बूट, रेनकोट, पाण्याचा पाइप आणि खोल सिंक. सिंक दोन फूट बाय दीड फूट, खोली फूटभर, नळ कोपराने उघडणारा. शेजारी जमिनीपासून दोन फुटांवर दुसरा नळ, खाली २० लिटरची बादली बसेल असा. मधे १८ इंच उंचीचा बाक आडवा. त्यावर बसायचे, बाहेरच्या अंगाला बूट काढायचे, पाय उचलून आतल्या अंगाला ठेवायचे. बाकाच्या आत शॉवर, संडास आणि धुलाई यंत्र. कामाचे कपडे इथेच उतरतात आणि इथेच धुतले जातात; घरच्या कपड्यांच्या टोपलीत ते जाऊ नयेत. यात सोवळ्याओवळ्याचा भाग नाही. ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस, गजकर्ण हे जनावरांकडून माणसाला होणारे आजार आहेत. क्यू फीवर या अशाच आजाराचे जंतू तर विल्यावर पडणाऱ्या वारेच्या आणि विण्याच्या वेळच्या पाण्याच्या वाळलेल्या कणांतून धुळीबरोबर श्वासात जातात. घरात गर्भवती बाई किंवा तान्हे मूल असेल तर बाकाच्या या रेघेला फार मोल आहे. संडासाला बाहेरूनही दार ठेवले तर कामावरच्या माणसांना घर ओलांडावे लागत नाही.

फरशीच्या रंगाबाबत एक युक्ती. दुकानात जाताना शेतातली मूठभर वाळलेली माती पिशवीत न्यावी आणि प्रत्येक नमुन्यावर चिमूटभर टाकून चार पावले मागे जावे. ज्या नमुन्यावर माती दिसेनाशी होते तो घ्यावा, फक्त खडबडीत हवा. पांढऱ्या चकचकीत फरशीवर ओल्या बुटाने घसरून पडलेला माणूस महिनाभर कामातून जातो.

औषधांचा फ्रिजही पडवीतच, कुलपासह. लशी २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारात दर अर्ध्या तासाला गरम हवा लागते, तर मागच्या भिंतीला टेकलेली कुपी गोठते. लाळ-खुरकूत लस एकदा गोठली की वितळल्यावर दिसते जशीच्या तशी, काम मात्र देत नाही. आत पाण्याची बाटली ठेवून तिच्यात थर्मामीटर सोडावा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहावा.

रात्रीच्या विण्यासाठी घर किती तयार आहे यावर आमच्या मते आराखड्याची परीक्षा होते. निजायच्या एका तरी खोलीची खिडकी विणीच्या कप्प्याकडे उघडावी आणि तिथल्या दिव्याचे बटण पलंगाजवळ असावे. बटण दाबायचे, गाय उभी आहे की आडवी हे बघायचे आणि पुन्हा झोपायचे. असे दिवे दोन लावावेत, एक भगभगीत आणि एक मंद, कारण प्रत्येक वेळी लख्ख उजेड पडला की गाय बिचकते. वासरू गारठलेले निघाले तर ते आणायचे कुठे, तर मागच्या पडवीत. न्हाणी ट्रॅपजवळ गोणपाट, वर हीट लॅम्प टांगायला पक्की कडी आणि लॅम्पला साखळी. नुसत्या वायरवर टांगलेले लॅम्प पेंढ्यात पडून आगी लागतात. वासराला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. सहा तासांनंतर आतड्याची तो शोषण्याची ताकद झपाट्याने उतरते आणि चोवीस तासांत संपते. गाईने पाजले नाही तर डीप फ्रीजरमधला गोठवलेला चीक काढावा लागतो आणि तो ५० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात वितळवायचा असतो. घाईने उकळत्या पाण्यात टाकला तर रोगाशी लढणारी प्रथिनेच जातात. म्हणून पडवीत डीप फ्रीजर, गरम पाण्याचा नळ आणि खोल सिंक तिन्ही हाताच्या अंतरावर हवेत. आराखड्यावर हे तीन ठिपके तीन कोपऱ्यांत दिसले तर कागद परत पाठवावा.

पाण्याचा हिशोब घराच्या माणसांवरून सुरू करू नये. मोठे जनावर दिवसाला ४० ते ६० लिटर पिते, उन्हात आणखी. दुभती गाय शंभरावर सहज जाते. ५० भाकड-दुभती मिसळून सरासरी ६० लिटर धरले तर ३,००० लिटर. घरात सहा माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे ८१०. दिवसाचे सुमारे ३,८०० आणि पंप बिघडला तर तीन दिवस भागावे म्हणून १२,००० लिटरची टाकी. टाकीतून गव्हाणीच्या हौदांकडे जाणारा पाइप तळापासून एक चतुर्थांश उंचीवर काढावा आणि घराचा तळाशी. कारण साधे आहे. हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक कधीतरी रात्रीच तुटतो. मिनिटाला २० लिटर धरले तरी आठ तासांत ९,६०० लिटर वाहून जातात. हौदाचा पाइप वर असेल तर टाकी तेवढ्यापुरती उतरून थांबते आणि खालचे ३,००० लिटर शिल्लक राहतात. घराला, सकाळी जनावरांना बादल्यांनी द्यायला, आणि आगीसाठी.

त्याच लाइनवर आणखी एक चूक सर्रास होते. हौदाचा नळ पाण्यात बुडलेला असतो. वर पंप बंद झाला आणि खाली कुणी दुसरा नळ उघडला की पाइपात ओढ निर्माण होते आणि हौदातले लाळमिश्रित पाणी उलटे शोषले जाऊन थेट घराच्या माठापर्यंत पोचू शकते. नळाचे तोंड आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट मोकळी हवा ठेवावी आणि घराच्या फाट्यावर पाणी उलटे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नुसत्या व्हॉल्व्हवर विसंबू नये; त्यात वाळूचा एक खडा अडकला तरी तो उघडा राहतो.

सांडपाण्याचे दोन मार्ग ठेवावेत. संडास-न्हाणीघराचे पाणी सेप्टिक टँककडे जाते. पडवीतले शेणमातीचे आणि जंतुनाशकाचे पाणी तिकडे सोडू नये. जंतुनाशकाने टाकीतले कामाचे जिवाणू मरतात आणि मातीने ती भरते. त्यासाठी गाळाचे वेगळे चेंबर आणि खडीचा चर. खराब दूधही टाकीत ओतू नये, कारण ते कुजायला मैल्याच्या कितीतरी पट प्राणवायू खाते आणि शोषखड्डा साय धरल्यासारखा बंद होतो. शोषखड्ड्याची जागा ठरवण्याआधी तिथे फूटभर खड्डा घेऊन रात्रभर पाण्याने भिजवावा. सकाळी पुन्हा भरून पाणी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते मोजावे. तासाहून जास्त लागला तर ती जमीन पाणी पिणार नाही. मिनिटाच्या आत उतरले तर न गाळताच थेट भूजलात जाईल. त्या पट्ट्यावर गुरे फिरू देऊ नयेत, खुरांनी माती ठोकली जाते.

विजेबद्दल थोडक्यात, पण त्यात कुचराई नको. घरापासून १०० मीटरवरच्या गोठ्यात १० अँपिअरचा भार अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने नेला तर सुमारे १५ व्होल्ट वाटेतच पडतात आणि मोटर तापते. सहा स्क्वेअर मिलिमीटरची वायर घेतली तर ही घट ६ व्होल्टवर येते. कुंपणाच्या तारांत वीज सोडणाऱ्या झटका मशीनची अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर हवी आणि तिच्या तारा घरच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नयेत. अर्थिंग कच्ची असेल तर हौदाच्या लोखंडात दोन-चार व्होल्ट उतरतात. बूट घातलेल्या माणसाला ते कळत नाहीत. ओल्या खुरांवर उभ्या गाईला कळतात आणि ती पाणी प्यायची थांबते. दूध घटले म्हणून खाद्य बदलत बसण्याआधी मीटर लावून बघावे. जनरेटर निवडताना पंप सुरू होताना पाच-सहा पट करंट घेतो हे धरावे, आणि बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच लावल्याशिवाय तो घराला जोडू नये.

घराभोवती कुंपण हवेच. गाय भिंतीला अंग घासते, पन्हळीचा पाइप चाटून-ढुसून वाकवते आणि एसीच्या बाहेरच्या पेटीवर शिंगे आजमावते. पाच फुटांच्या खाली नाजूक असे काही लावू नये. रोज फाटक उघडायचा त्रास नको असेल तर वाटेत खड्ड्यावर लोखंडी पाइपांची जाळी टाकावी, जाण्याच्या दिशेने किमान ८ फूट. त्याहून आखूड असेल तर गुरे उडी मारून पलीकडे जातात. शेजारी गुरांसाठी वेगळे फाटक. आणि कुंपणाला शोभेची म्हणून कण्हेर लावू नका. तिची मूठभर पाने मोठ्या जनावराला मारायला पुरतात, वाळलेलीही. बागेत छाटलेल्या फांद्या सवयीने कुंपणापलीकडे फेकल्या जातात आणि अनर्थ होतो.

छप्पर साधे दोनपाखी, पन्हळीत कमीत कमी कोपरे. जितके कोपरे तितका पालापाचोळा आणि गळती. वळचण अडीच-तीन फूट पुढे, पडवी ८ फुटांपेक्षा अरुंद नको, घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम. निजायची एक खोली आणि न्हाणीघर तळमजल्यावर असावे, कारण गुरांच्या कामात गुडघे लवकर जातात. कार्यालयाची खोली मागच्या पडवीला लागून, खिडकी गुरांकडे, म्हणजे पशुवैद्य आणि व्यापारी बसायला घरात शिरत नाहीत.

बांधकामाचा क्रम रस्ता, पाणी, वीज, गोठा आणि मग घर असा ठेवावा. पाया खणण्याआधी आराखडा चुन्याच्या फक्कीने जमिनीवर पूर्ण मापात उमटवावा. भिंतींच्या रेघा, दारांची मोकळी जागा, पडवीतला बाक, सगळे. मग दोन भरलेल्या बादल्या घेऊन त्यातून फिरावे. एकदा अंधार पडल्यावर निजायच्या खोलीच्या रेघेत उभे राहावे, बॅटरी घेऊन गोठ्याच्या जागेपर्यंत चालत जावे आणि हात कशालाही न लावता परत यावे. येताना पाय आपसूक जिथे वळतात आणि दाराऐवजी भिंतीच्या रेघेवर येऊन थांबतात, तिथली फक्की पुसून मागचे दार तिथे काढावे.

आपले,
शेतघरे आणि गोठे आखण्याचे काम करणारे दोन वाचक